तिसरा नमुना

शनिवारी दुपारी बरोबर तीन वाजता आमच्या विभागाचं सेमिनार सुरू व्हायचं, आणि तीन वाजून एक मिनिटाने सर प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी घालायचे. उशिरा आलेल्याने बाहेर व्हरांड्यात उभं राहून ऐकायचं. एकदा खुद्द विभागप्रमुखच बाहेर राहिले. त्यांनी दार वाजवलं तेव्हा सर आतून म्हणाले, "खिडकीशी या, तिथून ऐकू येतं." आणि बोलणाऱ्या मुलाकडे वळून, "हं, चालू द्या."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या आमच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा एम.एस्सी.चा वर्ग नुकता सुरू झाला होता. आम्ही सगळे मिळून चौदा जण. सेमिनारसाठी वेगळी खोली नव्हती. प्रयोगशाळेतच स्टुलं सरकवून बसायचो. पुढे फळा आणि ट्रान्सपरन्सी, म्हणजे लिहिलेले पारदर्शक कागद, दाखवायचा प्रोजेक्टर, मागच्या भिंतीला बेसिनांची रांग. सर बसत नसत. अगदी मागच्या कोपऱ्यातल्या बेसिनशी, एक हात नळावर ठेवून उभे राहत.

त्या हाताची आम्हाला धास्ती होती. बोलणाऱ्याच्या तोंडून एखादं पोकळ वाक्य गेलं, म्हणजे त्याला स्वतःलाच न कळलेलं, पुस्तकातून जसंच्या तसं उचललेलं किंवा नुसतंच भारदस्त, की सर नळ सोडायचे. पूर्ण. वाक्य दुरुस्त होईपर्यंत पाणी वाहत राहायचं. काय चुकलं ते सर सांगत नसत, ते आपलं आपण शोधायचं. पाणी वाया जातं म्हणून कुणीतरी तक्रार केली, तेव्हापासून सर नळाखाली बादली ठेवू लागले आणि सेमिनार संपलं की त्याच पाण्याने काचेचं सामान धुऊ लागले. मग आम्ही सेमिनार बादल्यांत मोजायला लागलो. माझं पहिलं सेमिनार दीड बादलीचं झालं.

अजून आठवतं. मी म्हणाले, "यावरून असं सिद्ध होतं की..." आणि मागे पाणी सुरू. मी म्हटलं, "यावरून असं दिसतं की..." पाणी चालूच. शेवटी रडवेली होऊन म्हटलं, "हे मी केलेलं नाही, मी वाचलंय. ज्यांनी केलं त्यांना असं वाटतं." नळ बंद झाला. सगळे मान खाली घालून बसले होते. सर शांतपणे म्हणाले, "आता पुढे बोला."

पहिल्या दिवसापासून ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. विशीतल्या पोरांना 'अहो' म्हणणारा माणूस पाहून आम्हाला आधी हसू आलं. मग कळलं की तो मान नव्हता. ज्याच्या सेमिनारमध्ये नळ एकदाही उघडला जात नाही, त्याला सर त्या दिवसापासून 'तू' म्हणायचे. 'अहो' म्हणजे तुम्ही अजून बाहेरचे. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत आमच्यातला एकच मुलगा 'तू' झाला, आणि तो वर्गात वेगळ्याच ऐटीत चालायचा.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. पंचवटीत एका खोलीत राहायचे, लुनावरून यायचे. चेष्टा करत नसत, केलेली कळतही नसे. काचेचं सामान दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसत. प्रयोगशाळेतला शिपाई दिवसभर त्यामुळे मोकळाच असायचा आणि सगळ्यांना सांगत फिरायचा, "आमचे सर लय भांडीवाले." आणि त्यांचा एक नियम होता: कुठलाही आकडा तीनदा काढल्याशिवाय तोंडातून बाहेर काढायचा नाही. आपल्या माणसाजवळसुद्धा नाही. "एकदा म्हणजे अपघात, दोनदा म्हणजे योगायोग. तीनदा आला तर बोला."

या नियमामागचं कारण त्यांनी मला एकदाच, फ्लास्क विसळता विसळता सांगितलं. तरुणपणी ते मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत होते. एका परिषदेत त्यांनी एक नवाच निकाल मांडला. दोनशे माणसं समोर होती. पहिल्या रांगेतल्या एका नामांकित प्राध्यापकांनी उठून विचारलं, "भांडी कशाने धुता?" सरांनी साबणाचं नाव सांगितलं. सगळं सभागृह हसलं, कारण निकाल भांड्यांत राहिलेल्या त्या साबणाचाच होता. "अजून ऐकू येतं मला ते," सर म्हणाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ती संस्था सोडली आणि नाशिकला आले.

एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.साठी त्यांच्याकडेच राहिले. विषय मीच सुचवला. आमचं घर मखमलाबादला, भाजीपाल्याचं आणि फुलांचं. वडील औषध मारायचे ते उघड्या हातांनी. डब्यातलं औषध बादलीत काडीने ढवळायचे आणि तीच काडी धुऊन पुन्हा वापरायचे. दुपारी जेवायला बसले की म्हणायचे, डोकं जड झालंय. मी शिकलेली असल्याने मला ते डोकं कशाने जड होतं ते कळत होतं. आपल्या शरीरात कोलिनएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं. नसेकडून स्नायूला निरोप गेला की तो निरोप पुसून टाकायचं काम त्याचं. फवारणीची बरीचशी औषधं याच एन्झाइमला मारतात, किड्याच्या आणि माणसाच्याही. मग निरोप पुसले जात नाहीत. स्नायू थरथरतात, घाम सुटतो, धुरकट दिसतं, आणि फारच झालं तर श्वास थांबतो. रक्ताच्या थेंबभर नमुन्यात हे एन्झाइम किती शिल्लक आहे ते मोजता येतं. नळीत रसायन घातलं की शाबूत रक्ताची नळी पिवळी होते. जितकी पिवळी तितकं बरं.

सरांना विषय आवडला. म्हणाले, "द्राक्षाच्या बागा घ्या. तिथे फवारे जास्त."

पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका बागाईतदाराने परवानगी दिली. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. माणूस बोलायला गोड होता. थंडीच्या दिवसांत, बागा भरात असताना, सुरगाण्याकडची माणसं तिथे कामाला यायची. पाचटाच्या खोप्या करून बांधाला राहायची. मी आणि ओळखीच्या एक नर्सबाई जीपने जायचो. बाई रक्त काढायच्या, मी नळ्यांवर नावं लिहून बर्फ भरलेल्या थर्मासात ठेवायची आणि तडक कॉलेजात आणायची.

डिसेंबरच्या पहिल्या फेरीत बारा नमुने आणले. रसायन घातलं आणि अकरा नळ्या पिवळ्या होत गेल्या, काही फिक्या, काही गडद. बारावी पाण्यासारखीच राहिली. मी तिच्यावरचं नाव वाचलं. लहानू.

लहानू पस्तिशीचा असेल. अंगाने वाळका, बोलायला मोकळा. तो आणि त्याची बायको मंजुळा दोघं एकाच पंपावर होते. तो पुढे नळी धरून औषध मारायचा, ती मागून नळी ओढायची, वेलींत अडकू नये म्हणून.

मी धावत सरांकडे गेले. ते नळीकडे बराच वेळ पाहत राहिले. "बर्फ वितळला होता का?" त्यांनी विचारलं.

"थोडा. पण बाकीच्या अकरा नळ्या त्याच थर्मासात होत्या, सर."

"पुन्हा कर. नवीन नमुना आण."

'कर' म्हणाले, 'करा' नाही. महिन्यापूर्वीच माझं एक सेमिनार बिनपाण्याचं पार पडलं होतं आणि मी 'तू' झाले होते. तीन वर्षं मी त्या एका शब्दाची वाट पाहत होते. तेव्हा मी आणखी काही बोलले नाही त्याचं खरं कारण हे आहे. ते मी आज कुणावर ढकलू शकत नाही.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. नर्सबाई रक्त काढत होत्या आणि लहानू दुसरीकडे तोंड करून बसला होता, त्याला सुईची भीती वाटायची. रक्त काढून झाल्यावर माझ्याजवळ आला.

"ताई, मागल्या बारीला रगत नेलां, त्यात काय निंघालं?"

"कसं वाटतंय दादा तुम्हाला?"

"डोकां लय धरतंय. डोळ्याम्होरं धुरकट दिसतंय. थंडी पडली हाय, तरी घाम सुटतो."

माझ्या वहीत लक्षणांची यादी होती. ती तो त्याच क्रमाने सांगत होता. मी म्हणाले, "अजून नक्की नाही दादा. पुन्हा तपासायचंय."

"बरां. नक्की झालां का सांगा."

'आजपासून औषध मारू नका.' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. दहा-पंधरा दिवस फवाऱ्यापासून लांब राहिला असता तर रक्त आपलं आपण भरून आलं असतं. मी थर्मास उचलला आणि जीप गाठली.

दुसरी नळीही पाण्यासारखीच राहिली. त्या दिवशी मी सरांना म्हणाले, "सर, त्याला सांगूया का?"

सर अस्वस्थ झाले. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "सांगितलं की आण्णा त्याचं काम काढून घेणार. आणि उद्या आपला आकडा चुकला तर? एका चुकलेल्या नळीपायी माणसाच्या पोटावर पाय आणायचा? आणि आपल्याला पुन्हा कुणी बागेत पाऊल टाकू देणार नाही." मग थांबून, "तिसरा नमुना आण. तिसराही असाच आला तर मी स्वतः येतो सांगायला."

त्यातलं एकेक वाक्य ऐकायला बरोबर होतं.

मग कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. प्रयोगशाळा बंद राहिली. नर्सबाई भाचीच्या लग्नाला गेल्या. जानेवारी उजाडला. एका सोमवारी आम्ही बागेवर पोचलो तेव्हा बांधावरच्या खोप्यांतली एक मोडलेली होती. आण्णा माणसांना कामं सांगत होते. मी लहानूला बोलवा म्हटलं.

"तो गेला ना," आण्णा म्हणाले. "शुक्रवारी. औषध मारता मारताच पडला. दवाखान्यात नेला, पण काही उपयोग झाला नाही. जास्त झाली असेल, दुसरं काय. बायको गावाला घेऊन गेली त्याला." आणि पुढे, "बाकीचे आहेत की, त्यांचं घ्या रक्त."

मी रक्त न घेता परतले. सर बेसिनशी उभे राहून पिपेट धूत होते. मी दारातूनच सांगितलं. त्यांनी विचारलं, "कधी?"

"शुक्रवारी."

ते धूतच राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "तिसरा नमुना?"

आपण काय विचारलं ते त्यांचं त्यांना ऐकू आलं असावं. हातातली पिपेट बेसिनमध्ये पडून फुटली. सरांच्या हातून काच फुटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर शनिवारच्या सेमिनारचा कागद लागला. वक्ता म्हणून सरांचं स्वतःचं नाव. विषय: 'एक न सांगितलेला निकाल'. विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. सर बाहेर आले, तरी कागद तसाच होता.

त्या शनिवारी सरांनी दाराला कडी लावली नाही. मागच्या रांगांत दुसऱ्या विभागांची माणसंही येऊन बसली. विभागप्रमुख पहिल्या रांगेत होते. सर फळ्याशी उभे राहिले आणि मला ते एकदम लहान वाटले. त्यांना पुढे उभं राहिलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी एक ट्रान्सपरन्सी लावली. बारा नळ्या, बारा आकडे. लहानूचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं, पण बोलताना घेतलं.

"पहिल्या नमुन्याच्या वेळी," ते म्हणाले, "थर्मासातला बर्फ काही प्रमाणात वितळलेला असल्यामुळे नमुना खराब झाला असण्याची शक्यता मला वाटली."

आणि थांबले. मग टेबलांच्या मधून चालत मागे गेले, कोपऱ्यातला नळ सोडला आणि परत पुढे येऊन उभे राहिले.

"नाही," पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले. "त्याच थर्मासातल्या अकरा नळ्या पिवळ्या झाल्या होत्या. नमुना चांगला होता. ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

पाणी पडतच होतं. ते नळाकडे पाहत राहिले.

"आकडा चुकला तर लोक आपल्याला हसतील, याची मला भीती वाटली. म्हणून मी थांबलो. त्याचं काम जाईल वगैरे मी नंतर जुळवलं."

नळ बंद करायला कुणी उठलं नाही. बादली भरली, पाणी काठावरून खाली आलं, फरशीवरून स्टुलांच्या पायांपर्यंत पोचलं. मुलांनी पाय वर घेतले. शेवटी सर स्वतःच मागे जाऊन नळ बंद करून आले.

पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली. "सर, पण तुम्हीच शिकवलंत ना, तीनदा आल्याशिवाय बोलायचं नाही. मग दोनदाच आलेलं सांगायचं होतं का?"

सर म्हणाले, "छापायला तीन लागतात. त्याला सांगायला एक पुरला असता."

विभागप्रमुख उठले. "सर, हे सेमिनारमध्ये बसत नाही. आणि यातलं लेखी काही राहू देऊ नका." सरांनी ट्रान्सपरन्सी उतरवून त्यांच्या हातात दिली. लेखी जे होतं ते सरांनी आधीच पोलिसांना आणि आरोग्य खात्याला पाठवलं होतं. त्याचं पुढे काही झालं नाही. दवाखान्याच्या कागदावर हृदय बंद पडून मृत्यू असं लिहिलेलं होतं, आणि प्रेत केव्हाच जळून गेलेलं. आण्णांनी मात्र कॉलेजात येऊन आरडाओरडा केला. त्यानंतर शनिवारचं सेमिनार सरांकडून काढून घेण्यात आलं.

पंधरा दिवसांनी सर मला म्हणाले, "सुरगाण्याला जायचंय. येतेस?"

एसटीने सुरगाणा, तिथून जीप, आणि पुढे डोंगराच्या कडेने तासभर पायी. वाटेत सर खिशातला एक कागद काढून पुन्हा पुन्हा वाचत होते. मी डोकावले. काय बोलायचं ते त्यांनी लिहून आणलं होतं. सगळी खोडाखोड.

मंजुळा घरापुढे नागली पाखडत होती. मला ओळखलं. सूप खाली ठेवून आत गेली आणि गोधडी आणून अंथरली. सर बसले नाहीत. कागद त्यांनी हातात धरला होता, पण वाचला नाही. "बाई," म्हणाले, "आपल्या रक्तात एक... एक पदार्थ असतो..." आणि अडकले. मी पुढे होऊन सांगू लागले, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. मग म्हणाले, "तुमच्या नवऱ्याच्या अंगात औषध भिनलंय, हे मला महिनाभर आधी कळलं होतं. मी त्याला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं."

ती सरांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तो म्हनं, रगताचा निकाल आला का आपुन घरी जाऊं. मी म्हनलां, आताच जाऊं. तं म्हनं, थांब, ताईचां नक्की होऊं दे."

शेजारच्या घरातून कुणीतरी खोकत होतं. सरांचा कागद धरलेला हात खाली आला होता.

मंजुळाने लुगड्याचा पदर सावरला, चोळीची बाही कोपरावर सारली आणि हात पुढे केला. "मी बी त्याच्यामागं नळी वढायची. माझां रगत बघा. उद्या मुकादमाचा टेम्पो येल, परत जायचां हाय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही सुई आणली नव्हती. नळी नाही, बर्फ नाही, काहीच नाही. मी तिला तसं सांगितलं.

तिने बाही खाली ओढली. "मंग तुमी आलां कशाला?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते नर्सबाईंना घेऊन पिंपळगावच्या नाक्यावर हायवेला उभे राहिले. सुरगाण्याकडून येणारा प्रत्येक टेम्पो थांबवून आत पाहत होते. संध्याकाळपर्यंत मंजुळा सापडली नाही. मात्र सहा जणांनी हात पुढे केला, त्यांचं रक्त घेतलं, आणि ते घेऊन सर कॉलेजात आले.

पुढे निवृत्त होईपर्यंत आणि निवृत्तीनंतरही थंडीतल्या दर रविवारी सर बागांमधून फिरत राहिले. सकाळी रक्त घ्यायचं, दुपारी तपासायचं, संध्याकाळच्या आत परत जाऊन ज्याचं त्याला सांगायचं. एकाच नळीवरून. कितीतरी बागाईतदारांनी त्यांना हाकलून दिलं. एकदा त्यांनी एका माणसाला, तुझं रक्त वाईट आहे, असं सांगितलं. त्याने काम सोडलं आणि तो गावी गेला. बुधवारी सरांच्या लक्षात आलं की रसायनच जुनं होतं. ते तसेच पेठच्या पुढे त्याच्या पाड्यावर गेले आणि माझं चुकलं म्हणाले. त्या माणसाने चारचौघांत त्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या. सर सगळ्या ऐकून घेऊन परत आले आणि पुढच्या रविवारी पुन्हा बागेत गेले. कॉलेजात त्यांना आता मुलं उघड हसायची. ते हसणं त्यांना ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. दोन हजारनंतर त्यांचा हात कापू लागला. ते गेले तेव्हा मी पुण्याला नोकरीत होते, मला चार दिवसांनी कळलं.

मी विषय बदलला होता. वालाच्या बियांमधल्या एका एन्झाइमवर पीएच.डी. केली, दुसऱ्या सरांकडे. वालाच्या बिया काही विचारत नाहीत. माझं शेवटचं सेमिनार फार चांगलं झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तरी लहानू गेला त्याच्या पुढच्या थंडीत मी आमच्या सरांबरोबर तीन-चार रविवार गेले. त्यातल्या एका रविवारी निफाडच्या अलीकडच्या एका बागेत मंजुळा दिसली. दुसऱ्या एका माणसाच्या मागे नळी ओढत होती. तोंडाला फडकं गुंडाळलेलं, पण मी चालीवरून ओळखलं. तिने आम्हाला पाहिलं आणि हात पुढे केला. सरांनी स्वतः सुई घेतली. नळी थर्मासात ठेवून लुनावरून ते एकटेच नाशिकला गेले. मी तिथेच थांबले. बांधावर बसून मी तिला पाहत राहिले. ती एका ओळीतून आत जायची आणि दुसऱ्या ओळीतून बाहेर यायची, दर वेळी औषधाने जराशी अधिक ओली.

साडेचारच्या सुमाराला लुनाचा आवाज आला. सर धुळीने भरले होते. लांबूनच त्यांनी मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी मोकळं पाहिलं. जवळ येऊन म्हणाले, "पिवळी झाली. चांगली पिवळी. तू सांग तिला, मला धाप लागलीय."

मी ओळीत शिरले. औषधाचा वास नाकात गेला. मी म्हणाले, "मंजुळाबाई, रक्त चांगलं आहे तुमचं. आजच तपासलंय. काही नाही त्यात."

तिने तोंडावरचं फडकं खाली केलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या सरांकडे.

"चांगलां हाय?"

"हो. चांगलं आहे."

"मंग करू ना काम?" तिने विचारलं.

पुढून नळी धरलेल्या माणसाने हाक मारली. तिने फडकं वर ओढलं, नळी खांद्यावर घेतली आणि पुढच्या ओळीत गेली.